रविवारचा आयएस कोडचा क्लास, टिळक रोडच्या मागे : साडेनऊ हजार वसूल झाले का?

क्लास आयएस कोडचा, म्हणजे बांधकामाच्या भारतीय मानकांचा, आणि त्याचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. खाली दोनचार तक्रारी आहेत आणि सर माणूस म्हणून इतके चांगले आहेत की नाव घेऊन कुरकुर करायला जीभ रेटत नाही. पुण्यातल्या टिळक रोडच्या मागची गल्ली, दुसरा मजला, जिन्यात कायम चपलांचा ढीग, एवढ्यावर ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आधी मी गेलो का ते सांगतो. मला बांधकामाच्या लाईनमध्ये सहा वर्षं झाली, दोन साईटवर आणि चार डिझाईन ऑफिसात. धायरीतल्या एका पार्किंग प्लस चार मजल्यांच्या बिल्डिंगचं डिझाईन मी केलं होतं, सॉफ्टवेअरमध्ये सगळे मेंबर (बीम, कॉलम, स्लॅब) पास, लाल एकही नाही, खूष होऊन प्रूफ चेकिंगला, म्हणजे दुसऱ्या इंजिनिअरकडे तपासायला, पाठवलं. आठ दिवसांनी ड्रॉइंग परत आलं तर त्यावर लाल पेनने अकरा रिमार्क, आणि अकराच्या अकरा नुसते आकडे. '१३९२० : ७.१.१'. '४५६ : २५.४'. '४५६ : २३.२.१'. आधी कोडचा नंबर (४५६ काँक्रीटच्या डिझाईनचा, १३९२० भूकंपासाठी सळया कशा बांधायच्या त्याचा), पुढे क्लॉज म्हणजे कलम. वाक्य म्हणून एक नाही. चेक करणारा असं धरून चालला होता की क्लॉजचा नंबर दिला की पोराला कळेल, आणि पोराला अकरातले तीन कळले. बाकीचे आठ मी पीडीएफ उघडून कंट्रोल एफ मारत शोधत बसलो. सहा वर्षांनंतर. ऑफिसातल्या मॅडमनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी फक्त या क्लासचा नंबर व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याचा जो अर्थ घ्यायचा तो मी घेतला.

आठ रविवार, सकाळी नऊ ते एक, फी साडेनऊ हजार, एकरकमी, हप्ता नाही, पहिल्या रविवारनंतर रिफंड नाही. आमच्या बॅचला बावीस जण होते, त्यात निम्मे माझ्यासारखे ऑफिसवाले, पाचसहा साईट इंजिनिअर, तीनचार फायनल इयरची मुलं (त्यांच्याबद्दल पुढे बोलतो) आणि एक काका होते, बारामती साईडचे कॉन्ट्रॅक्टर, वय पंचावन्न असेल, ते दर रविवारी पहाटेच्या एसटीने यायचे आणि सगळ्यात पुढच्या बाकावर बसायचे.

पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं, लॅपटॉप बॅगेत ठेवा आणि ४५६ ची छापील कॉपी काढा. आता बीआयएसच्या (कोड काढणारी संस्था) साईटवर रजिस्टर केलं की कोड फुकट डाउनलोड होतात त्यामुळे पीडीएफ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होती पण छापील फक्त चौघांकडे. बाकीच्या अठरा जणांना खाली झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलं, शंभरएक पानं, अर्धा तास त्यातच गेला आणि मला वाटलं की झाले पैसे पाण्यात. मग सरांनी तीन रंग काढायला सांगितले. कोडमध्ये जिथे 'शॅल' आहे तिथे लाल, 'शुड' आहे तिथे निळा, 'मे' आहे तिथे साधी पेन्सिल. शॅल म्हणजे करायचंच, शुड म्हणजे करावं आणि नाही केलंत तर कारण तयार ठेवा, मे म्हणजे तुमची मर्जी. दीड तास नुसतं हे. शाळेतल्यासारखं वाटत होतं, शेजारचा मुलगा तर उघड जांभया देत होता. पण बीम आणि कॉलमच्या डिटेलिंगच्या पानांवर आलो तेव्हा पानं जवळजवळ लालच झाली आणि माझ्या पोटात जरा गोळा आला, कारण त्यातल्या कितीतरी ओळी मी आजवर 'प्रॅक्टिसमध्ये असं करत नाहीत' म्हणून सोडून दिल्या होत्या.

दुसरा रविवार लोडचा, म्हणजे बिल्डिंगवर येणाऱ्या वजनांचा. लोडमध्ये काय शिकायचंय असं वाटलं होतं, ८७५ चा, म्हणजे लोडच्या कोडचा, भाग दोन उघडायचा, घराच्या खोल्यांना २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, जिना, पॅसेज आणि बाल्कनीला ३, वापरातल्या गच्चीला दीड, झालं. सरांनी एकेकाला उभं करून त्याच्या चालू प्रोजेक्टचं लोड विचारलं. मी आत्मविश्वासाने बाथरूमचं २ सांगितलं. "आणि सनकमध्ये काय भरलंत?" सनक म्हणजे बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब, त्यात भरला होता विटांच्या तुकड्यांचा कोबा, ३०० मिमी, म्हणजे घनमीटरला १८ किलोन्यूटन धरलं तरी ५.४ होतात, लाईव्ह लोडच्या (माणसं आणि सामानाचं धरलेलं वजन) अडीच पटीहून जास्त, आणि मी फ्लोअर फिनिश म्हणून दीड टाकून मोकळा. बिल्डिंगमध्ये अशी बाथरूम सोळा. एका मुलीने गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी स्लॅबवर दाखवली होती, आता ५००० लिटर म्हणजे ५० किलोन्यूटन, बुडाची जागा दोन बाय दोन धरली तर चौरस मीटरला साडेबारा, आणि तिचा स्लॅब दीडला डिझाईन केलेला. तिने सांगितलं की मालकाने टाकी नंतर ठरवली. सर म्हणाले, "मालक सगळंच नंतर ठरवतो, पुण्यात टाकी लागणार हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं का?" वर्ग हसला, तीही हसली, पण मुद्दा असा की सॉफ्टवेअरने त्या स्लॅबला पास दाखवलं होतं, आणि त्याची काय चूक, आपण जे सांगितलं तेच त्याने तपासलं.

तिसरा रविवार मात्र मी विसरणार नाही. विषय कॅन्टिलिव्हर, म्हणजे बाल्कनी आणि छज्जे. सरांनी फळ्यावर रोजची बाल्कनी घेतली, १.२ मीटर बाहेर, मुळाशी १५० मिमी जाड, बाहेर पाऊसपाणी म्हणून कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, ३० मिमी आणि काँक्रीट एम २५ ताकदीचं, वर १० मिमीच्या सळया दर २०० मिमीला, टोकाला चार इंची विटांचा मीटरभर उंच कठडा. आम्हाला करायला लावलं. स्लॅबचं वजन ३.७५, फिनिश १.५, लाईव्ह ३, बेरीज सव्वाआठ, सुरक्षिततेसाठी दीडने गुणून सुमारे १२.४, त्याचा मोमेंट, म्हणजे मुळाशी वाकवणारा जोर, मीटर रुंदीला ८.९ येतो. कठड्याचे मीटरला अडीच किलोन्यूटन, दीडने गुणून पावणेचार, गुणिले १.२ म्हणजे साडेचार. एकूण १३.४. इथेच पहिला धक्का, तो फुटकळ वाटणारा कठडा एकटा एक तृतीयांश मोमेंट खातो, कारण तो टोकाला बसलाय. आणि नंतर फ्लॅटवाले त्याच टोकाला ग्रिल, कुंड्या आणि वॉशिंग मशीन लावतात ते वेगळंच.

मग विचारलं, क्षमता किती? आम्ही काढली, १८ च्या आसपास आली, सगळे समाधानी. सर उठले, कोपऱ्यातून सळयांची बांधलेली छोटी जाळी आणली (दोन बाय दोन फूट असेल, खाली चेअर, म्हणजे जाळी वर धरणारे सळईचे टेकू, नव्हत्या, नुसते विटांचे तुकडे) आणि त्या काकांना म्हणाले, या हो, जरा उभे राहा यावर. काका चप्पल काढून उभे राहिले. जाळी मधोमध खाली बसली. सरांनी पट्टी लावली, पन्नास मिमी. "आता काढा क्षमता." इफेक्टिव्ह डेप्थ, म्हणजे स्लॅबच्या तळापासून सळईपर्यंतची उंची, ११५ ची ६५ झाली आणि क्षमता १८ वरून थेट दहाच्या खाली. लागतात १३.४. सळई तेवढीच, काँक्रीट तेच, बिलात काही फरक नाही, फक्त स्लॅब भरताना घमेलं घेऊन जाणारा एक माणूस त्यावर पाय देऊन गेला. वर्गात कोणी काही बोललंच नाही थोडा वेळ, मग काकाच जाळीवरून उतरत म्हणाले, "आमच्याकडं तर रोज असंच चालतंय हो सर." त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

चेअर हा शब्द मी किती ड्रॉइंगच्या नोट्समध्ये कॉपी पेस्ट केलाय त्याचा हिशेब नाही. किती अंतरावर, किती उंचीची, कुठल्या सळईची, हे एकदाही लिहिलं नव्हतं. आता लिहितो.

कॉलमचा रविवार हा पुणेकरांसाठी खास, कारण इथला प्रत्येक मालक आणि अर्धेअधिक आर्किटेक्ट एकच वाक्य बोलतात, कॉलम भिंतीच्या बाहेर दिसायला नको. भिंत नऊ इंची म्हणून कॉलम २३० बाय ४५०, पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. माझ्या अकरातले पाच रिमार्क याच एका सवयीचे होते हे मला त्या दिवशी कळलं. १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू किमान ३००, किंवा त्यातून जाणाऱ्या बीमच्या सगळ्यात जाड सळईच्या वीस पट, दोन्हींत जे मोठं ते, म्हणजे बीमात १६ ची सळई असेल तर ३२०. आणि हा कोड भूकंपाच्या झोन तीन, चार, पाचला लागतो आणि १८९३ च्या (भूकंपाच्या लोडचा कोड) २०१६ च्या नकाशात पुणे झोन तीनमध्ये आहे, त्यामुळे 'ते भूकंपवाल्या भागासाठी आहे' म्हणून सुटका नाही. हे बऱ्याच जणांना माहीत असतं, करायचं नसतं एवढंच.

पण मला जे माहीत नव्हतं ते ४५६ मध्येच होतं. २५.४ सांगतं की कॉलमवर लोड अगदी मधोमध येतो असं कधीच धरायचं नाही, किमान एक्सेंट्रिसिटी, म्हणजे लोडचं मधापासून सरकणं, घ्यायची, लांबी भागिले ५०० अधिक बाजू भागिले ३०, आणि काहीही झालं तरी २० मिमीच्या खाली नाही. तीन मीटर उंचीच्या २३० च्या बाजूला हिशेब येतो १४ च्या आत, म्हणून २० धरायची. आता ३९.३ मधलं ते सगळ्यांचं लाडकं सोपं सूत्र, ०.४ एफसीके (काँक्रीटची ताकद) गुणिले काँक्रीटचं क्षेत्रफळ अधिक ०.६७ एफवाय (लोखंडाची ताकद) गुणिले लोखंडाचं, ते वापरायची अट काय तर ही एक्सेंट्रिसिटी बाजूच्या ०.०५ पटीच्या आत पाहिजे. २३० चे ०.०५ म्हणजे साडेअकरा. वीस कुठे, साडेअकरा कुठे! म्हणजे बाजू निदान ४०० असल्याशिवाय ते सूत्र हातातच घ्यायचं नाही, आणि आम्ही एक्सेलच्या शीटमध्ये वर्षानुवर्षं २३० च्या कॉलमला तेच लावतोय. शिवाय बीमखालची मोकळी उंची २.५५ धरून १.२ ने गुणली तर ३.०६ मीटर, भागिले ०.२३ म्हणजे १३ च्या वर, आणि बाराच्या पुढे गेलं की तो कॉलम शॉर्ट राहत नाही, स्लेंडर म्हणजे सडपातळ होतो, त्याला ज्यादा मोमेंट आला. त्याच जागी ३०० घेतलं की १०.२, प्रश्न मिटला. मी तिथल्या तिथे ऑफिसच्या शीटचा फोटो काढून मॅडमना पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "हो, तेच म्हणत होते मी." कधी म्हणत होत्या देव जाणे.

आता मालकाला कसं पटवायचं हे सरांनी शिकवलं नाही आणि ही माझी पहिली तक्रार. त्यांचं म्हणणं असं की शॅल म्हणजे शॅल, पटवायचं काय त्यात. बरोबर आहे, पण सर निवृत्त आहेत, मालक त्यांना सोडून दुसऱ्या कन्सल्टंटकडे जाणार नाही, आमचा जातो. तो प्रश्न सोडवला काकांनी, चहाच्या सुट्टीत. ते म्हणाले की मी तर गिऱ्हाइकाला सांगतो, कॉलम बाहेर येतोय तिथे कपाट करून घ्या, खाच आपोआप भरते, बायको पण खूष. मी मागच्या महिन्यात नऱ्ह्याच्या बंगल्याला अगदी हेच वाक्य वापरलं, आणि चाललं!

रिंगचा, म्हणजे कॉलमच्या सळयांभोवतीच्या कड्यांचा, भाग पण जमून आला होता. सरांनी ८ मिमीच्या दोन रिंगा आणल्या होत्या, एक नव्वद अंशाला वळवलेली, आपल्याकडे साईटवर असते तशी, दुसरी १३५ ला, आणि हूकची शेपटी ६५ मिमी. कोडमध्ये सळईच्या सहा पट लिहिलंय, ८ चे ४८ होतात, पण किमान ६५, म्हणून ६५. मग लाकडी ठोकळा रिंगमध्ये घालून पाचरी ठोकायला लागले. नव्वदवाली तिसऱ्या पाचरीला उघडली, १३५ वाली उघडेना, कारण तिची शेपटी आत घुसलेली. बाहेरचं कव्हर निखळलं की नव्वदच्या हूकला धरून ठेवायला काही उरत नाही, एवढं सोपं आहे ते, आणि मी डिग्रीत हे चार मार्कांची आकृती म्हणून पाठ केलेलं.

साईटवर मात्र सोपं नाही, आणि इथे मला वाटतं क्लास अर्धवट सोडतो. मी लगेच पुढच्या सोमवारी आमच्या फिटरला १३५ चा हूक सांगितला. तो उदगीरकडचा, वीस वर्षं लोखंड बांधतोय, सुतातच बोलतो, बाराला चार सूत आणि सोळाला पाच सूत. तो म्हणाला, "साहेब, हूक आत आला की रिंग वरून सोडता येत नाही, सळईला अडकतीय, एकेक वाकडी करून घालावी लागंल, टनाला रेट वाढवून द्या." खोटं नाही त्याचं. मग लॅपचा, म्हणजे सळईला सळई जोडताना एकमेकींवर घेतात त्या लांबीचा, विषय निघाला, १३९२० म्हणतं की कॉलमचा लॅप उंचीच्या मधल्या निम्म्या भागातच घ्यायचा, जॉइंटजवळ नाही, आणि एका लेव्हलला निम्म्याच सळया. आपल्याकडे सगळ्यांचा लॅप स्लॅबच्या वर लगेच, कारण स्टार्टर, म्हणजे नव्या कॉलमची सुरुवात, तिथून निघतो. कोडप्रमाणे करायचं तर १६ च्या सळईला एम २५ मध्ये फे ५०० लोखंडाची डेव्हलपमेंट लेंथ, म्हणजे काँक्रीटमध्ये पकड घ्यायला लागणारी लांबी, जाडीच्या ४९ पट, म्हणजे जवळजवळ ८०० मिमी, पाव उंची सोडून तिथून लॅप सुरू केला तर काही सळया छातीएवढ्या आणि काही डोक्याच्या वर उभ्या राहणार, आणि स्लॅब भरताना त्या हलणार, वाकणार. फिटरने विचारलं की त्या धरायच्या कशाने. मी रविवारी सरांना विचारलं, ते म्हणाले वरती तात्पुरत्या रिंगा बांधा आणि लाकडाने टेकू द्या. हे एक वाक्य त्यांच्या नोट्समध्ये कुठेच नाही. असल्या वाक्यांसाठी तर आपण पैसे भरतो ना राव.

भूकंपाच्या रविवारी सरांनी दोनच गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही बसल्या डोक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो भाग नकाशात झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा, आणि तिथली घरं मातीत रचलेल्या दगडी भिंतींची, वर मातीचं जड माळवद. २००२ च्या आवृत्तीत झोन एक हा प्रकारच काढून टाकला. दुसरी, २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादच्या बिल्डिंगा पडल्या, केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्या पुढे, त्यातल्या बऱ्याच खाली मोकळं पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशा. अहमदाबाद झोन तीन. पुणे झोन तीन. मग सरांनी खिडकी उघडली आणि म्हणाले, बाहेर बघा. समोर ओळीने चार सोसायट्या, चारींच्या खाली पार्किंग. २०१६ च्या कोडात वरच्या मजल्यापेक्षा खालचा मजला कमी कडक असला की तो सॉफ्ट स्टोरी, आणि भिंती सॉफ्टवेअरमध्ये नुसतं वजन म्हणून टाकल्या की हे दिसतच नाही, सगळं हिरवंच दिसतं. माझं धायरीचं मॉडेल तसंच होतं.

आणि याच रविवारी सगळ्यात मोठी तक्रार पण. नोट्स! साडेनऊ हजारात दोनशे पानांच्या स्पायरल नोट्स मिळतात, आणि भूकंपाचं प्रकरण सरळसरळ २००२ च्या कोडवरून छापलेलं आहे. त्यात २०१६ ला आलेलं बीमला ०.३५ आणि कॉलमला ०.७ हे भेगाळलेल्या सेक्शनचं मॉडिफिकेशन (भेगांमुळे कडकपणा तेवढ्याच पट धरायचा) नाही, दोनशेपेक्षा जास्त माणसं असलेल्या निवासी बिल्डिंगला इम्पॉर्टन्स फॅक्टर (बिल्डिंगच्या महत्त्वाचा गुणक) १.२ तो नाही, झोन तीनला बेस शिअर, म्हणजे बुडाशी येणारा भूकंपाचा आडवा जोर, वजनाच्या किमान १.१ टक्के हेही नाही. १ च्या जागी १.२ म्हणजे बेस शिअर थेट वीस टक्क्यांनी वाढतो, ही किरकोळ गोष्ट नाही. सर फळ्यावर नवीनच शिकवतात, पण मुलं घरी जाऊन नोट्सच बघणार. मी हात वर करून सांगितलं, सरांनी चष्मा काढून नोट्स बघितल्या, अगदी मनापासून सॉरी म्हणाले आणि ऑफिस सांभाळणाऱ्या मुलाला हाक मारली. तो म्हणाला की नवीन पीडीएफ ग्रुपवर टाकतो. हे जूनमधलं. आज दिवाळी तोंडावर आली, ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांशिवाय काही आलेलं नाही.

एसपी १६ चे, म्हणजे ४५६ सोबतच्या डिझाईनच्या मदतपुस्तकाचे, चार्ट मात्र सर मुद्दाम जुनेच वापरतात, ते पुस्तक १९८० चं, १९७८ च्या ४५६ वर बेतलेलं, आणि सर तसं स्पष्ट सांगतात, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. कॉलमचा चार्ट हाताने वाचायला आला की सॉफ्टवेअरचा आकडा खरा वाटतोय का खोटा ते दोन मिनिटात कळतं. हे मला खूप उपयोगी पडलं.

पायाला एकच अर्धा रविवार दिला, तोही घाईत. पुण्यात एका बाजूला दोन फुटांवर काळा पाषाण लागतो आणि त्याच तालुक्यात काळ्या मातीचे पट्टे आहेत, एकाच प्लॉटवर अर्धे फुटिंग (कॉलमखालचे पाये) खडकावर आणि अर्धे मुरुमावर येतात, हा तर इथला रोजचा प्रश्न, त्यावर फुटिंगचं कव्हर ५० आणि पंचिंग शिअरचं (कॉलम फुटिंग फोडून खाली जाण्याचं) एक उदाहरण एवढ्यावर गुंडाळलं. स्टीलच्या बांधकामाचा कोड ८०० तर शेवटच्या दिवशी तासभर, शास्त्रापुरता. जाहिरातीत दोन्ही ठळक अक्षरात आहेत म्हणून सांगतोय.

जागा साधारण. बाक अरुंद, पंखे तीन त्यातला एक आवाज करतो, एसी नाही, मे महिन्यात हाल झाले. गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं जातात त्यामुळे बसने किंवा चालत येणाऱ्यांची मजा. अकराचा चहा फीमध्ये आहे आणि चांगला आहे, आलं घातलेला. सर हळू बोलतात, मागच्या बाकावर ऐकू येत नाही, अक्षर डॉक्टरचं.

कोणी जावं? दोन वर्षं तरी साईट किंवा ऑफिस केलेलं असेल तर डोळे झाकून जा. फायनल इयरच्या मुलांनी मात्र आत्ता जाऊ नये, आमच्या बॅचमधली तीनचार मुलं चौथ्या रविवारनंतर आलीच नाहीत, त्यांचा दोष नाही, ज्याने कधी स्लॅब भरताना बघितलाच नाही त्याला सळई खाली बसण्यात काय विशेष ते कळणार कसं. आणि सॉफ्टवेअर शिकायचंय म्हणून कोणी जात असेल तर तिथे लॅपटॉप उघडूच देत नाहीत हे परत सांगतो.

माझं धायरीचं ड्रॉइंग मी जुलैत पुन्हा केलं. कॉलम ३०० चे झाले, दोन फ्लॅटमध्ये कपाटं वाढली, सनकचं लोड आलं, पार्किंगच्या मजल्यावर दोन शिअर वॉल, म्हणजे आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, आल्या ज्यावरून आर्किटेक्टशी तीन दिवस अबोला होता. चेकिंगवरून परत आलं तेव्हा अकराचे दोन रिमार्क राहिले होते. एक कव्हरचा होता, तो माझाच आळस. दुसऱ्यात त्यांनी चुकीचा क्लॉज नंबर टाकला होता. मी फोन करून सांगितलं, पलीकडे जरा शांतता झाली, मग म्हणाले, "बरं, बघतो." मला त्या दोन शब्दांतच साडेनऊ हजारातले निदान तीन हजार परत मिळाले.

चार स्टार देतोय, एक नोट्सचा कापला. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं काकांनी सांगितलं, ते पुन्हा बसणार आहेत, या वेळी मुलाला घेऊन. छापील ४५६, १३९२० आणि तीन रंगांची पेनं घरून न्या, खालचा झेरॉक्सवाला रविवारी पानाला तीन रुपये लावतो.